कोकणातल्या अळंबीची ओळख कड्याच्या माळावर का चालत नाही? डोंगररांग एक, पण छत्र्यांचं जग वेगळं

कडा (ता. आष्टी) : मृगाचा पाऊस पडून गेला, दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं आणि मग लख्ख ऊन पडलं, की कड्याच्या आसपासच्या माळावर, बांधाच्या कडेला, उकिरड्यावर पांढऱ्या छत्र्या दिसू लागतात. शेरडं राखणारी पोरं 'कुत्र्याची छत्री' म्हणून तिला लाथ मारतात आणि पुढं जातात. त्याच आठवड्यात गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या रस्त्यांच्या कडेला बायका तशाच दिसणाऱ्या छत्र्या पानात बांधून, नग मोजून विकत असतात आणि गाड्या थांबवून लोक त्या घेतात. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. आता आहे, कारण कोकणातल्या रानात अळंबी शोधण्याचे व्हिडिओ कड्यातल्या पोरांच्या मोबाईलवरही दिसतात. तिकडं एवढी महाग विकली जाते तीच ही का, असा प्रश्न कुणालाही पडेल.

तर ती क्वचित तीच असते. बहुतेक वेळा नसते. कधीकधी तर तिची हुबेहूब दिसणारी पण पोटात आगडोंब उसळवणारी बहीण असते. हे असं का होतं, हे कळायला आधी डोंगर बघावा लागतो.

हरिश्चंद्रगडापासून मायंब्यापर्यंत

बालाघाट ही सह्याद्रीचीच फांदी. हरिश्चंद्रगडापाशी ती मुख्य रांगेतून फुटते आणि आग्नेयेकडं उतरत नगर, बीड, धाराशिव करत पुढं जाते. आष्टी-पाथर्डीच्या भागात याच डोंगरांना लोक गर्भगिरी म्हणतात. मढीचे कानिफनाथ, सावरगावच्या मायंब्याचे मच्छिंद्रनाथ, ही नाथांची ठाणी याच रांगेत. दगडही एकच, काळा बेसाल्ट. फरक पडतो तो पावसाचा. हरिश्चंद्रगड १४०० मीटरच्या वर, तिथं ढग अडतात आणि पावसाळाभर धो धो कोसळतात. आंबोली, महाबळेश्वर या घाटमाथ्यावरच्या ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस मोजला जातो. तेच ढग पुढं सरकत इकडं येईपर्यंत रिकामे झालेले असतात. बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि आष्टी तालुका त्यातही पर्जन्यछायेतला.

अळंबीला पाऊस लागतो हे खरं, पण नुसता पाऊस पडून ती उगवत नाही. तिला खायला काहीतरी लागतं. झाडासारखं उन्हावर स्वतःचं अन्न करणं तिला जमत नाही, कारण ती झाड नाहीच. जीवशास्त्रात बुरशीचं राज्यच वेगळं मानतात, ना वनस्पती ना प्राणी. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे त्या बुरशीचं फळ. खरं 'झाड' जमिनीत किंवा लाकडात असतं, सुतासारख्या पांढऱ्या धाग्यांचं जाळं. हे जाळं वर्षानुवर्षं गुपचूप जगतं. शेतात जुनं तुरीचं खोड उपटताना किंवा ओल्या पाचटाचा ढीग उलटताना जो पांढरा कापसासारखा जाळीदार थर दिसतो, तो हाच. ओल, गारवा आणि अन्न असा योग जमला की जाळं वर फळ धरतं, बिजाणू सोडतं आणि चार दिवसांत छत्री सडून जाते.

तेव्हा कुठल्या डोंगरात कोणती अळंबी, याचं उत्तर तीन प्रश्नांत असतं. मेलेलं काय पडलंय, म्हणजे लाकूड, पाला, शेण? जिवंत झाडं कोणती आहेत, कारण काही बुरश्या झाडाच्या मुळांशी सोयरीक करूनच जगतात? आणि जमिनीत वाळवी कोणती आहे? शेवटचा प्रश्न ऐकून हसू येईल, पण महाराष्ट्रातल्या सगळ्यात चविष्ट अळंब्यांचं गुपित तिथंच आहे.

घाटमाथ्यावर लाकडाचं राज्य

सह्याद्रीच्या दाट रानात पडलेलं लाकूड चार-पाच महिने ओलं राहतं. म्हणून तिथल्या बहुतेक बुरश्या लाकूड खाणाऱ्या. कानाच्या पाळीसारखी लिबलिबीत, कपासारखी गुलाबी-केशरी, पंख्यासारखी थरावर थर रचलेली, असे नाना आकार एकाच ओंडक्यावर दिसतात. जाळीचा झगा घातल्यासारखी एक अळंबीही घाटात आणि गोव्यात सापडते, तिचा वास मात्र सडक्या मांसाचा. माश्या त्या वासाला भुलून येतात आणि पायाला लागलेले बिजाणू घेऊन जातात. भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री पडलेली फांदी हिरवट उजेडानं चमकते, तिच्यामागंही अशाच बुरश्या आहेत. बॅटरी बंद करून पाच मिनिटं अंधारात उभं राहिलं की तो उजेड दिसू लागतो. तो बघायला आता मुंबई-पुण्याहून गर्दी होते, आणि गर्दीचे बूट त्याच कुजक्या लाकडावर पडतात, हा भाग वेगळा.

फणसाच्या झाडावर येणारा कडक, लाकडासारखा 'फणसांबा' उगाळून लहान लेकरांच्या तोंड येण्यावर लावायची जुनी रीत पश्चिम महाराष्ट्रात आहे. पुणे विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा तो फेलिनस गटातला असल्याचं नोंदलं गेलं. म्हणजे इथं बुरशी ही भाजीच असते असं नाही, ती औषधाच्या बटव्यातही होती.

वाळवीची शेती

आता ती महागडी अळंबी. गोव्यात तिला 'रोयण अळमी' म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. सातेरी देवी तिकडं वारुळाच्याच रूपात पुजली जाते. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर भागात हीच जात 'सात्या' नावानं ओळखली जाते. 'टेकोडे' हाही शब्द नागपूरकडं अळंबीसाठी चालतो. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. १९४२ मध्ये रोजे आईम या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे नाव दिलं, आणि त्यात वाळवीचं नाव आहे ते उगाच नाही.

वाळवी लाकूड खाते म्हणतो, पण या जातीच्या वाळवीला ते नीट पचत नाही. कामकरी वाळव्या पालापाचोळा, काडीकचरा चावून वारुळात आणतात आणि त्याचं मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं पोळं रचतात. त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातला जो चिवट भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी फोडते, आणि मग वाळवी ते मऊ झालेलं पोळं आणि बुरशीचे पांढरे मणी खाते. शेणखत टाकून वाफा करावा तशी ही शेतीच आहे. माणसानं नांगर धरला त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीची ही शेती आफ्रिकेत सुरू होऊन सुमारे तीन कोटी वर्षं झाली असावीत, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

पावसानं जमीन खोलवर भिजली की वारुळातल्या पोळ्यातून बुरशी एक लांब दांडा वर काढते. हात-दीड हात माती फोडून तो बाहेर येतो आणि टोकदार माथ्याची छत्री उघडतो. खोदत गेलं तर मुळासारखा तो दांडा थेट वाळवीच्या पोळ्यापर्यंत जातो. याच गटात एक अगदी बारीक, नखाएवढी जात आहे. ती दाण्यांसारखी शेकड्यांनी एकाच जागी उगवते, कारण वाळवी कधीकधी आपलं पोळं स्वतःच जमिनीवर आणून पसरते. उलट आफ्रिकेत झांबियात याच कुळातली एक जात आहे, तिची छत्री मीटरभर रुंद होते. एकाच कुळात एवढा फरक.

ही अळंबी महाग का, तर ती कुणाला लावता येत नाही. बटण मश्रूम खोलीत पिकतं, धिंगरी काडावर पिकते, पण टर्मिटोमायसिसला वाळवी हवी. प्रयोगशाळेत तिचे धागे वाढवता येतात, छत्री धरवणं व्यापारी पातळीवर जमलेलं नाही. म्हणून जंगलात जाऊन वेचणं हाच मार्ग, आणि वर्षातले मोजके दिवस. भाव चढला की वेचणारे वाढतात, छत्री उघडायच्या आधीच कळी उपटली जाते आणि बिजाणू पसरायचे राहून जातात. गोव्यात या वेचणीवर आवर घालावा यासाठी तिथले अभ्यासक बरीच वर्षं बोलत आले आहेत, अभयारण्यातून ती काढण्याला वनखात्याचाही विरोध आहे.

गर्भगिरीत ही येते का? वाळवी आणि वारुळं इकडं भरपूर आहेत, तेव्हा अधूनमधून येते. जुन्या माणसांना त्या ठरावीक जागा ठाऊक असतात, अमुक लिंबाखालचं वारूळ, तमुक बांध. जागा दरवर्षी तीच, कारण पोळं खाली तसंच असतं. पण बांध कोरले गेले, वारूळ दिसलं की त्यात कीटकनाशक ओतायची सवय लागली, ट्रॅक्टरनं नांगरट खोल गेली. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते त्याचंच उरलेल्या वर्षात काय होतं, हे बांधावर फिरलं की दिसतं. वारूळ गेलं की ती जागा कायमची गेली. पुन्हा पोळं तयार व्हायला वाळवीची अख्खी वसाहत नव्यानं बसावी लागते.

कोरड्या डोंगराचे चिवट रहिवासी

माळावर ओल टिकते किती, तर पाऊस थांबल्यावर चार-सहा दिवस. तेवढ्यात जन्म घ्यायचा, बिजाणू तयार करायचे आणि पसरवायचे. इथल्या बुरश्यांची सगळी घडण या घाईतून आलेली आहे, आणि म्हणूनच त्या घाटातल्यांसारख्या दिसत नाहीत.

पोडॅक्सिस बघा. लांबट, मिटलेल्या छत्रीसारखी, वर खवले, उंची वीतभर. ही छत्री पूर्ण उघडतच नाही. घाटातली अळंबी छत्री उघडून हवेच्या झुळकीवर बिजाणू सोडते. इथं उघडली तर उन्हानं तासाभरात करपून जाईल. म्हणून पोडॅक्सिस मिटलेली राहते, आत काळसर भुकटी तयार होते, आणि वाळून फाटली की वारा ती नेतो. हीसुद्धा बहुधा वारुळाजवळच उगवते. राजस्थानच्या वाळवंटी भागात ती कोवळी असताना 'खुंबी' म्हणून खातात, वाळवूनही ठेवतात.

दुसरा प्रकार गोट्यांसारखा. माळावर पांढरट चेंडू उगवतात, वाळल्यावर पोरांनी पाय दिला की 'फुस्स' करून तपकिरी धूर निघतो. तो धूर म्हणजे लाखो बिजाणू. पाऊसच हे काम करतो, थेंब पडला की चेंडूतून एक झुळूक बाहेर. याच्याच भावकीत भुईतारा आहे. त्याचं बाहेरचं कवच चांदणीसारखं उलगडतं आणि मधला चेंडू वर उचलला जातो. सीताफळाच्या झाडाखाली, कुजलेल्या पाल्यात तो बघायला मिळतो. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच बागांच्या पाचोळ्यात हे तारे पडलेले असतात, पण त्यांच्याकडं बघतं कोण!

उकिरड्यावर, शेणात, उसाच्या पाचटात निघणारी मंडळी वेगळी. शाईची छत्री सकाळी उगवते आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच विरघळून काळं पाणी होते. चिमणीच्या घरट्याएवढीही नाही, बोटाच्या पेराएवढी वाटी आणि तिच्यात मसुरीसारखी चार-सहा 'अंडी', असाही एक प्रकार आहे. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की अंडं उडून हातभर लांब जाऊन चिकटतं. शेणखत पसरल्यावर कांद्याच्या वाफ्यात किंवा ठिबकच्या नळीजवळ ही वाटी दिसली तर पिकाला रोग पडला म्हणून फवारणी करायचं कारण नाही. ती कुजलेल्या काडीवर जगते, पिकाला धक्का लावत नाही.

झाडांवर बघायचं तर बाभूळ, शिरीष, गुलमोहर यांच्या बुंध्याला तपकिरी, चकचकीत, वार्निश मारल्यासारखा कडक पंखा येतो, तो गॅनोडर्मा. हा दिसला की झाड आतून सडतंय असं समजावं. रस्त्याच्या कडेचं, शाळेच्या आवारातलं मोठं झाड असेल आणि बुंध्याला असे पंखे असतील, तर वावटळीत ते आधी पडणार. ग्रामपंचायतीनं पावसाळ्याआधी अशी झाडं पाहून ठेवली तर बरं. सरपणाच्या काटक्यांवर पांढुरक्या, केसाळ, कवडीएवढ्या पंख्यांची रांग असते, ती शायझोफायलम. उन्हाळ्यात ती वाळून आतल्या पाकळ्या मुडपून घेते, पाऊस पडला की पुन्हा उघडते. अंटार्क्टिका सोडलं तर जगातल्या सगळ्या खंडांवर ती सापडते, आणि कड्याच्या चुलीपाशी पडलेल्या ढलप्यावरही.

राहिली झाडांच्या मुळांशी सोयरीक करणारी. हिमालयातला देवदार, पाइन, ओक, मध्य भारतातला साल, या झाडांच्या मुळांना बुरशीचे धागे वेढतात, झाडाला पाणी-क्षार पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. बस्तरचा 'बोडा', झारखंडचा 'रुगडा' हे सालाच्या कृपेनंच मिळतात. बालाघाटात बोर, बाभूळ, खैर, धावडा, सालई, पळस अशी झाडं. त्यांची मुळांतली भागीदारी मुख्यतः दुसऱ्या, सूक्ष्म बुरश्यांशी असते, ज्या वर छत्री काढत नाहीत. अपवाद निलगिरीचा. वनीकरणात लावलेल्या निलगिरीखाली शेणाच्या वाळक्या गोळ्यासारखं काहीतरी जमिनीतून वर आलेलं दिसतं, तो पिसोलिथस. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, आणि तिचा हा सोबतीही बहुधा तिच्याबरोबरच आलेला.

हंगामही वेगळा. कोकणात जून-जुलै हा अळंबीचा जोर. इकडं मृग-आर्द्रात एक लाट येते, मग बऱ्याचदा पावसाचा खंड पडतो, आणि पूर्वा-उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या पावसावर, दुसरी लाट येते. वीज कडाडली की अळंबी उगवते असं सगळीकडं म्हणतात. ही निव्वळ समजूत म्हणून सोडून देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. जपानमधल्या इवाते विद्यापीठात लागवडीच्या अळंब्यांना कृत्रिम विजेचे झटके देऊन पाहिले, तेव्हा काही जातींचं उत्पादन खरोखर वाढलं.

पांढऱ्या छत्रीचा धोका

आता मूळ प्रश्न. माळावर, गायरानात, मैदानात सप्टेंबरच्या सुमारास बशीएवढी मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली छत्री उगवते. बऱ्याचदा ती गोलात उगवते, जणू कुणी रिंगण आखलंय. देठाला वरच्या बाजूला कडं असतं. दिसायला सुरेख, वास चांगला, आणि चवही वाईट नाही असं खाऊन पस्तावलेले सांगतात. ही क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. जगात उष्ण भागांत अळंबी खाऊन जे आजारी पडतात, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत हीच असते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस सलाईनवर निभावतो, पण लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस अंगातलं पाणी कमी होऊन गंभीर होऊ शकतं.

फसवणूक कुठं होते, तर कोवळेपणी. कोवळ्या छत्रीच्या खालच्या पाकळ्या पांढऱ्याच असतात, अगदी खायच्या अळंबीसारख्या. जून झाली की त्या हिरवट पडतात. तपासायची साधी रीत आहे : देठ कापून छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची, रात्रभर तशीच. सकाळी कागदावर बिजाणूंचा ठसा उमटतो. क्लोरोफायलमचा ठसा हिरवट येतो. हात लावल्यानं विष चढत नाही, हात धुतले की झालं. पण ठसा हिरवा आला नाही म्हणजे अळंबी खाण्याजोगी, असा उलटा अर्थ काढायचा नाही. जीव घेणाऱ्या कित्येक जातींचा ठसा पांढरा असतो.

त्या जीवघेण्यांपैकी सगळ्यात कुप्रसिद्ध ॲमानिटा. ती झाडांच्या मुळांशी जगणारी, म्हणून थंड डोंगराळ भागात आणि ईशान्येत तिचा धोका जास्त. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन काही दिवसांत तेरा जण दगावले, बहुतेक चहामळ्यांतली कष्टकरी कुटुंबं. भाजीला पैसे नसले की रानाकडं वळायचं, हे त्यांनाही नवीन नव्हतं. बालाघाटात ॲमानिटाला हवी तशी झाडं फारशी नाहीत, हे खरं. पण तेच विष लेपिओटा नावाच्या छोट्या, नाजूक छत्र्यांच्या काही जातींतही असतं, आणि त्यांना झाडाची गरज लागत नाही, गवत आणि पालापाचोळा पुरतो.

हे विष धोक्याचं आहे ते त्याच्या गप्प राहण्यामुळं. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. रात्रीचं जेवण झालं, माणूस निवांत झोपला, पहाटे उलट्या-जुलाब सुरू. त्यावर उपचार झाले की एक-दीड दिवसात बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, काही जण दवाखान्यातून घरीही येतात. आत यकृत निकामी होत असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उघड होतं. शिजवल्यानं, उकळून पाणी टाकल्यानं, वाळवल्यानं हे विष जात नाही.

यावर गावोगाव ज्या परीक्षा सांगितल्या जातात त्या सगळ्या फोल. भाजीत चांदीचं नाणं टाकून काळं पडतं का बघणं, लसणाच्या पाकळीचा रंग बघणं, किड्यानं खाल्लंय म्हणजे माणसाला चालतं असं मानणं, शेरडानं खाल्लं म्हणून निर्धास्त होणं. ॲमानिटानं चांदी काळी पडत नाही. गोगलगाई तिच्यावर मजेत चरतात.

आणि जाणत्या माणसालाही ती चकवते, कारण त्याची ओळख त्याच्या रानापुरती पक्की असते. लाओसमधून अमेरिकेत गेलेल्या निर्वासित कुटुंबांचं उदाहरण वैद्यकीय नोंदींत आहे. गावाकडं ती मंडळी भाताच्या पेंढ्यावर येणारी अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खात होती. कॅलिफोर्नियाच्या जंगलात त्यांना तशीच कळी दिसली, तळाशी तशीच पिशवी. त्यांच्या देशात तशी दिसणारी विषारी जात त्यांच्या वेचणीच्या जागी नव्हती, इथं होती. अळंबी वेचण्यात तरबेज असलेली माणसं त्यात गेली. सावंतवाडीच्या बाईला तिच्या रानातली रोयण अळमी डोळे मिटून कळते, कारण तिला त्या वारुळाची जागा, तो आठवडा आणि आजूबाजूचं सगळं ठाऊक आहे. व्हिडिओत यातलं काही येत नाही. येतो फक्त पांढरा रंग आणि छत्रीचा आकार, आणि नेमक्या त्या दोन गोष्टी विषारी छत्रीतही असतात.

खाल्लीच तर

उलटी झाली, बरं वाटलं, म्हणून घरी थांबायचं नाही. १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनानं सरकारी रुग्णालय गाठायचं. डॉक्टरांना दोन वेळा सांगायच्या : खाल्लं कधी आणि त्रास सुरू झाला कधी. मधलं अंतर सहा तासांपेक्षा जास्त असेल तर ते स्पष्ट सांगायचं, कारण उपचाराची दिशा त्यावर ठरते आणि नगर किंवा बीडच्या मोठ्या रुग्णालयात लगेच हलवावं लागू शकतं. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्यायचं, त्रास होत नसला तरी. उरलेली भाजी, सालटं, उपटलेल्या जागेवरची एखादी छत्री कागदात गुंडाळून सोबत घ्यायची. प्लास्टिकच्या पिशवीत ती घाम येऊन सडते आणि ओळखू येत नाही. ताक, तूप, मिठाचं पाणी असले घरगुती उपाय करण्यात वेळ घालवायचा नाही.

अळंबी खायचीच हौस असेल तर लागवडीची खावी. धिंगरी गव्हाच्या काडावर, सोयाबीनच्या भुसकटावर उत्तम येते आणि भुसकट इकडं हवं तेवढं आहे. हिमाचलमधल्या सोलनला अळंबी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, १९९७ मध्ये त्या शहराला 'मश्रूम सिटी' असं नावही दिलं गेलं. बियाणं आणि प्रशिक्षण यासाठी आधी जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठ गाठणं सोयीचं.

रानातल्या छत्र्या मात्र बघायच्या आणि नोंदवायच्या. जगात बुरशीच्या सुमारे पंचवीस लाख जाती असाव्यात असा अंदाज आहे, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जातींना अजून नावच नाही. महाराष्ट्रातला अभ्यास बराचसा सह्याद्रीत झाला, पाऊस तिथं आणि विद्यापीठंही जवळ. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, देशभरातून आलेले नमुने तिथं जिवंत राखले जातात. गर्भगिरीतल्या शाळेतल्या पोरांना वही, मोजपट्टी आणि मोबाईलचा कॅमेरा एवढं पुरेसं आहे : तारीख, नक्षत्र, जागा, शेजारचं झाड किंवा वारूळ, छत्रीचा वरून, खालून आणि उपटून मुळासकट काढलेला फोटो, आणि रात्रभर वाटीखाली ठेवून घेतलेला ठसा. मायंब्याच्या उतारावर आणि कड्याच्या गायरानात सलग तीन पावसाळे हे केलं, तर कोणती छत्री मृगात येते आणि कोणती हस्ताची वाट बघते, हे त्या वहीत दिसेल.